मागचा आवाज

हाडांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंच्या कानावर मावशी-भाचीचं बोलणं पडत होतं.

"महिलांची फुटबॉल स्पर्धा आपल्या शहराला मिळावी म्हणून हा व्हिडिओ टाकतेय, मावशी. बघ, तुझा गोल!"

"अगं, एवढा गलका कसला? आमच्या सामन्याला कुत्रं फिरकलं नव्हतं."

"पुरुषांच्या सामन्यातला चिकटवलाय. रिकामं मैदान बघून स्पर्धा कोण देईल?"

"आणि मूळचा आवाज?"

"एकटी आजी ओरडतेय, 'पळ गं ठमे, पळ!' तेवढा पुसला."

"आईचा आवाज आहे तुझ्याकडे?"

"मूळ व्हिडिओत आहे की."

"तिला जाऊन सहा वर्षं झाली. लाव."

भाचीनं लावला.

"मावशी, रडू नकोस ना. हाच टाकू? लोक हसतील हं."

"हसू देत. निदान ऐकतील."

पुढचा नंबर मावशीचाच होता. बाईंनी तो जरा वेळानं पुकारला.