साळूबाईच्या नावाची मदत

आमच्या गावच्या बद्रीनाथला लाजच न्हाई. रझाकारीनंतर परतूरला निराधार म्हाताऱ्यांना दरमहा रोख मदत मिळायची, त्या रांगेत तो स्वतःच्या बायकोला 'आई' म्हणत होता. मी त्यांच्या मागंच उभी होते.

"आई, नाव काय सांगशील?"

"साळूबाई. तुमची आई मेल्यापासून मीच साळूबाई."

"हळू! मदत बंद झाली तर लेकरं काय खातील?"

"खातेत, पण जवळ येत न्हाईत. धाकटी मला आजी म्हणते."

"लहान हाये ती."

"डावा पाय दुखून राह्यला. सासूबाईंचा दुखायचा तोच."

"मंग लंगडायचं सोंग तरी करायला नको."

"अहो, माझं खरं नाव काय होतं?"

"पुढं सरक, आई."

मला राहवलं न्हाई.

"बद्रीनाथ, आईला जिवंत दाखवायला बायको मारलीस. घे तिचं नाव, मोठ्यानं!"