टाकीतलं जुनं पाणी

अकाब्याच्या थांब्यावर मी अम्मानच्या बसची वाट पाहत होतो. शेजारी आई आणि मुलगा बसले होते. मध्ये जाळीनं झाकलेली बादली, तिच्यात केशरी मासा. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, हे कळत होतं. पण पुस्तकाचं पान काही उलटेना.

"यम्मा, काचेची टाकी घरी मांडून ठेवलीय. तिच्यातले दगडसुद्धा साबणानं लख्ख धुतले."

"साबणानं! अरे शहाण्या, ती काय पातेली आहेत? वाटलंच होतं मला. म्हणून शेवाळलेले दगड तुला दिलेच नाहीत. या पिशवीत आहेत, ओल्या फडक्यात."

"आणि हे डबे?"

"टाकीतलं जुनं पाणी."

"घरी नवं खारं पाणी तयार आहे की!"

"त्यात एकदम सोडलास तर मरेल तो, घस्सान. वाटी-वाटीनं मिसळायचं. सवय होऊ दे त्याला."

"बरं बाई. मग तुझं इथलं घर आता विकून टाकू ना? कायमचीच येतेयस."

"किल्ली शेजारणीकडे ठेवलीय. सध्या थोडे दिवस येतेय."

"थोडेच दिवस?"

"ही पहिली वाटी. चल, बस आली. बादली उचल, हिंदकळू देऊ नकोस."