निजामपुऱ्यातला हिमालय

बाकी कुठलाही सेट लावा रे, पण भिवंडीत शांततेचा सेट लावू नका. मी लावला होता एकदा.

आमच्या निजामपुऱ्यातल्या नाटकात हिमालय उभा करायचा होता. सेटचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलेलं. बांबूंवर कोरं कापड टाकून मी झकास बर्फ केला. पण स्टेजला लागूनच सलीमचाचांचा लूमचा कारखाना, दिवसरात्र खडखडाट. त्यात ऋषी ध्यानाला बसणार कसा? मी चाचांचे पाय धरले. ते म्हणाले, "पाच मिनटं बंद ठेवतो. तुझ्या हिमालयासाठी."

ऋषी बसले, मी इशारा केला, लूम थांबले. आणि अख्खं पब्लिक उभं! "लाइट गेली, लाइट गेली!" स्टेजवर चार हॅलोजन भगभगत होते, पण बघतो कोण? आमच्याकडे लूम थांबले म्हणजे लाइट गेली, बस्स. शेवटी ऋषींनीच डोळे उघडले. ऋषी म्हणजे आमचा बाळू, चाचांच्याच कारखान्यात ड्युटीला. मला विचारतो, "लाइट गेली काय रं?"

हशा असा उसळला की नाटक तिथंच आटोपलं. मी मुकाट्यानं बर्फ उतरवायला लागलो. म्हटलं, पुन्हा सेटच्या वाटेला जायचं नाही. एवढ्यात चाचा आले, कापडाचं दुसरं टोक धरलं नि म्हणाले, "बेटा, पुढच्या साली आगबोट बनव. इंजिनाचा आवाज माझ्याकडून."

मी तिथंच, त्या बर्फावर, पेन्सिलीनं आगबोट काढायला बसलो.