घराबाहेर काढलेला मुलगा

वेल्समधली आमची कोळशाची खाण बंद पडल्यापासून बेकारभत्त्याची सही करायला आम्ही सगळे एकाच रांगेत उभे राहतो. परवा माझ्या पुढे एमरिस आणि त्याचा खाणीतला जुना जोडीदार ब्रिन होते.

"एमरिस, दाढी-बिढी करून आलास! नोकरी लागली की काय?"

"नोकरी कसली! शनिवारी गेथिनचं लग्न आहे."

"तुझ्या थोरल्याचं? अरे, त्याला तर तू घराबाहेर काढलंस ना!"

"मी कशाला काढीन? तो बसवर कंडक्टर लागला, तर चौकशीला आलेला साहेब म्हणाला, पोरगा कमावतोय, तो पोसेल बापाला. तुझा भत्ता बंद."

"लेकाचा! चहा पाजलास ना त्याला?"

"केकसुद्धा दिला! मग गेथिनच म्हणाला, बाबा, मी वेगळा राहतो, म्हणजे तुमचा भत्ता चालू राहील. ट्रंक उचलून निघाला तेव्हा त्याची आई उंबऱ्यात बसून रडली रे."

"आणि गेला कुठे?"

"चार घरं सोडून, प्रॉसरबाईंकडे भाड्याने."

"म्हणजे त्यांच्या पोरीच्या, नेस्टाच्या घरी!"

"तीच आता सून होतेय. आमची ही सकाळपासून गातेय. त्या साहेबालासुद्धा बोलावू या म्हणते."

"बोलवा की! सोयरीक त्यानेच जुळवली!"

"खरी गंमत पुढेच आहे. धाकट्याला काल बेकरीत काम लागलं. जेवताना लाजत लाजत विचारतो, बाबा, मला घराबाहेर कधी काढताय?"