साबण कारखान्याची बातमी

दवाखान्याच्या बाकावर साबण कारखान्यातली कामगारीण आपल्या नंबराची वाट बघत होती. शेजारी वर्तमानपत्राच्या संपादकबाई होत्या, समोर त्यांचा बातमीदार भाचा उभा.

“मावशी, साबण कारखाना बुडतोय म्हणे. छापू?”

कामगारणीने कान टवकारले.

“कोण म्हणतं?” संपादकबाईंनी विचारलं.

“सगळं गाव.”

“गावाचं तोंड कोण धरणार? पण आपण छापलं की दुकानदार माल घ्यायचे थांबतील, आणि चालता कारखाना आपणच बुडवू.”

“आणि खरंच बुडत असला तर? कामगारांनी अंधारात राहायचं?”

“मग त्यांनाच विचार की, शहाण्या!”

“आत्ता कुठे शोधू?”

कामगारणीने सरकून बाकावर जागा केली.

“बस रे बाळा. रात्रपाळी बंद झालीय, हे छाप. दिवसपाळी जोरात चाललीय, तेही छाप. आणि खाली माझं नाव घाल.”