हात मागे

मुलगी: थांबा. थांबा सगळे. जावईबापू गेले.

डॉक्टर: गेले? कसे गेले? पाय बघ केवढा सुरेख बसवलाय मी!

मुलगी: पाय सुरेखच बसलाय, बाबा. सुरेख पाय घेऊन गेले.

सिस्टर: अगंबाई, पुन्हा? खरा जावई असता तर एव्हाना व्याही भांडायला आले असते.

डॉक्टर: सिस्टर, सरावासाठी आणलेला रबराचा पुतळा आहे तो. जावईबापू हे नावही तुम्हीच ठेवलंत.

सिस्टर: मग काय ठेवू? आडवा पडून राहतो, पाच जणं भोवती राबतात, आणि त्याच्या तोंडून एक चांगला शब्द नाही. जावईच तो.

डॉक्टर: बरं, मास्तरीणबाई, कशानं गेले ते तरी कळू दे.

मुलगी: छातीनं. पडताना बरगडी मोडली, फुफ्फुसाला भोक पडलं आणि छातीत हवा कोंडत गेली. आधी फुफ्फुस दबलं, मग हृदय. पुतळ्याच्या छातीवरचा उजव्या बाजूचा लाल दिवा मी केव्हाचा लावून ठेवला होता. कुणी पाहिला?

सिस्टर: मी नाही पाहिला.

मुलगी: छाती तुमच्याकडे दिली होती सिस्टर. कुठं बघत होतात?

सिस्टर: खोटं कशाला बोलू? सरांच्या हातांकडे.

मुलगी: भूलवाले काका रुग्णाच्या डोक्याशी उभे होते. त्यांचं लक्ष सरांच्या हातांकडे. वॉर्डबॉय मामा रक्त थांबवायचा पट्टा घेऊन उभे होते. मामा, पट्टा अजून तुमच्या हातातच आहे. तुमचंही लक्ष तिकडेच.

डॉक्टर: म्हणजे माझे हात चांगले चालतात हा माझा गुन्हा झाला?

मुलगी: इतके चांगले चालतात की बघणारा श्वास घ्यायचा विसरतो. आणि रुग्ण श्वास घेतोय का, तेही बघायचा विसरतो.

डॉक्टर: हाडांचा डॉक्टर आहे मी. मोडलेला पाय दिसला की हात जाणारच. सुताराला वाकडं दार दाखव, बघ तो गप्प बसतो का.

मुलगी: घराला आग लागलेली असताना सुतारानं दार तासू नये, एवढंच म्हणणं आहे माझं. आणि रक्ताच्या पिशव्यांचं काय झालं?

डॉक्टर: सांगितल्या की! स्पष्ट म्हणालो, रक्त मागवा.

मुलगी: त्यावर सगळे एका सुरात म्हणाले, "हो सर." फोन कुणी केला?

सिस्टर: मला वाटलं मामांनी केला.

मुलगी: आणि मामांना वाटलं तुम्ही केला.

सिस्टर: पोरी, तू शिकवतेस ते सगळं कळतं गं. पण "हो सर" आमच्या हाडीमाशी खिळलंय. सर म्हणाले आज रविवार आहे, तर आम्ही सोमवारीसुद्धा "हो सर" म्हणू.

डॉक्टर: कधी म्हणालो मी असं?

सिस्टर: नाही सर.

मुलगी: बघा! निदान "नाही सर" तरी निघालं तोंडातून. पुन्हा एकदा सांगते. काम सांगायचं ते माणूस हेरून सांगायचं, हवेत नाही. आणि करणाऱ्यानं काम झालं की मोठ्यानं बोलायचं. "पट्टा आवळला." "रक्त सांगितलं." ज्याला जे वाईट दिसेल ते त्यानं ओरडून सांगायचं, समोर साहेब असो की साहेबाचा बाप. आणि बाबा, तुमची जागा टेबलाच्या पायथ्याशी. हात पाठीमागे.

डॉक्टर: माझ्याच दवाखान्यात मी पायथ्याशी? हात बांधून? शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा?

मुलगी: तिथून सगळा माणूस दिसतो. तुम्ही पायावर वाकलात की तुम्हाला पाय दिसतो आणि बाकीच्यांना तुम्ही दिसता. माणूस कुणालाच दिसत नाही.

डॉक्टर: हे हात मागे बांधायचं खूळ कुठून शिकून आलीस?

मुलगी: तुमच्याकडून.

डॉक्टर: माझ्याकडून?

सिस्टर: आठवतंय मला. एवढीशी होती, फ्रॉक घालून यायची. प्लास्टरचे गुंडाळे उलगडून सगळ्या वॉर्डभर करायची. तेव्हा सर म्हणायचे, चिमणे, वॉर्डात यायचं तर हात मागे, नाहीतर घरी आईजवळ.

मुलगी: मी हात मागे बांधून खाटांच्या पायथ्याशी उभी राहायचे. कुणाचं सलाईन संपलंय, कुणाला थंडी वाजतेय, कोण रडू दाबतोय, सगळं दिसायचं. तुम्हाला येऊन सांगायचे, आठवतं?

डॉक्टर: आठवतं. कटकट करायचीस.

मुलगी: तेच शिकवायचा पगार मिळतो आता.

डॉक्टर: बरं. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. उद्या पुन्हा घेऊ.

मुलगी: उद्या नाही, बाबा. मला आज संध्याकाळी रुग्णवाहिकांच्या मुख्य कार्यालयात फोन करायचाय. अपघातातले गंभीर रुग्ण इथे उतरवायचे की सरळ घाटापलीकडे मोठ्या रुग्णालयात न्यायचे, ते आज ठरणार आहे.

डॉक्टर: आणि तू काय सांगणार?

मुलगी: पुढे न्या म्हणून सांगणार.

सिस्टर: अगं, घाट उतरेपर्यंत अर्धे वाटेतच जातील!

मुलगी: माहितीये मला. पण इथं उतरवून, वेळ घालवून, मग गेले तर? रुग्णवाहिकेतला माणूस निदान गाडी तरी थांबवत नाही. बाबा, असं नका बघू. रात्रभर झोप नाही लागली मला. इकडे आड, तिकडे विहीर. इथं शिकवायला यायला कुणी तयार नव्हतं. तुमचं नाव ऐकलं की लोकांना अचानक पोटदुखी व्हायची. मी म्हटलं, मी जाते, माझे बाबा आहेत, ऐकतील.

डॉक्टर: हे दार मी उघडलं होतं, चिमणे. तेव्हा आत एक खाट होती आणि एक सिस्टर.

सिस्टर: आणि त्या सिस्टरला सुईसुद्धा नीट धरता येत नव्हती.

डॉक्टर: ते दार माझ्या मुलीनंच लावावं?

मुलगी: म्हणून तर जीव तुटतोय माझा.

सिस्टर: सर! मामा काय सांगताहेत ऐका. फाटकातून रुग्णवाहिका आत आली. परांचीवरून रंगारी पडलाय. मांडीचं हाड बाहेर आलंय म्हणतात. घाटाकडेच निघाले होते, पण माणूस निळा पडायला लागला म्हणून इकडे वळवली.

मुलगी: जावईबापूंना उचला. टेबल मोकळं करा.

(स्ट्रेचर आत येतं. टेबलाभोवती माणसं उभी राहतात.)

डॉक्टर: अरे देवा, काय पाय झालाय हा! सिस्टर, मला ते—

सिस्टर: सर.

डॉक्टर: अहो, रक्त बघा किती—

सिस्टर: सर, हात!

डॉक्टर: ...हो. हो सिस्टर. मागे. हे घ्या, मागे. मामा! मामा, तुम्हीच, इकडे बघा. मांडीवर वरच्या बाजूला पट्टा. आवळा. अजून आवळा. झालं की बोला. ...मान डोलावू नका, तोंडानं! "आवळला." शाब्बास. ऐकलं. रक्त थांबलं, मला दिसतंय इथून. भूलवाले, घसा मोकळा आहे? ...ऐकलं, मोकळा. प्राणवायू लावा. मामा, आता तुम्ही रक्तपेढीला फोन करा, दुसरं कुणी नाही, तुम्हीच. सिस्टर, छाती?

सिस्टर: बघतेय. कपडा कापला. डावी बाजू हलतेय. उजवी... सर, उजवी हलत नाही.

डॉक्टर: नक्की?

सिस्टर: नक्की. हात ठेवलाय मी. डावीकडे हात वर उचलला जातो, उजवीकडे नुसताच पडून राहतो. आणि मानेच्या शिरा बघा, टरारून फुगल्यात.

मुलगी: नाडी बुडतेय, बाबा! छातीत हवा कोंडलीय. व्हा बाजूला सिस्टर, द्या ती सुई मला, मी—

डॉक्टर: हात मागे!

मुलगी: बाबा, वेळ नाहीये, तो जाईल!

डॉक्टर: चिमणे, हात मागे. छातीवर माणूस आहे आपला. तूच शिकवलंयस त्यांना. सिस्टर, सुई तुम्ही घाला.

सिस्टर: मी?

डॉक्टर: तुम्ही. शिकताना जावईबापूंना घातली होतीत तशीच. सांगत सांगत घाला.

सिस्टर: बरगड्या मोजतेय. जागा सापडली. बरगडीच्या वरच्या कडेनं... घालतेय. घातली.

डॉक्टर: आणि?

सिस्टर: आवाज आला! सर, हवा सुटली! सायकलच्या चाकाची सुटते ना, तशी. सुटतेय अजून!

डॉक्टर: भूलवाले, नाडी? ...ऐकलं. वर येतेय. रंग बघा त्याचा, रंग बघा! रंगारी आपल्या रंगावर आला! मामा, रक्त? ..."सांगितलं, निघालं." वा! आता छातीत नळी बसवायची, म्हणजे हवा पुन्हा कोंडणार नाही. तपासनीस बाई, तुमचे हात रिकामे दिसतात. नळी तुम्ही बसवा.

मुलगी: हो सर.

डॉक्टर: काय म्हणालीस?

मुलगी: नळी बसवतेय. चीर घेतली. बोट आत. ...नळी बसली.

डॉक्टर: ऐकलं. सिस्टर, उजवी बाजू?

सिस्टर: हलतेय! डावीच्या बरोबरीनं हलतेय, सर. अगंबाई, डोळे उघडले त्यानं! अरे, हात नको हलवूस. काय? काय म्हणतोयस? डबा? कसला रे डबा?

डॉक्टर: काय म्हणतोय?

सिस्टर: रंगाचा डबा सांडला का विचारतोय.

डॉक्टर: सांगा त्याला, डबा सांडू दे, तू सांडला नाहीस ते पुष्कळ झालं! मामा, हसताय काय, हसा, मोठ्यानं हसा! भूलवाले, तुम्हीही! आज सगळं मोठ्यानं करायचं. सिस्टर, रडताय काय?

सिस्टर: रडत नाहीये. घाम आहे तो. एवढी वर्षं तुम्हाला नुसत्या सुया हातात दिल्या सर. आज तुम्ही मला म्हणालात, घाला.

डॉक्टर: घातलीत की. मला कधी जमली नसती इतकी नेमकी घातलीत.

सिस्टर: आता हे मात्र खोटं.

डॉक्टर: थोडं खोटं आहे. चालतं आजच्या दिवशी. चिमणे, तुला एक सांगू? जन्मभर या टेबलापाशी उभा राहिलो, पण टेबलावरचा अख्खा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. आजवर नुसते पायच बघत आलो.

मुलगी: आणि मी आज पहिल्यांदा धडा मोडला. शिकवणारीच धावली.

डॉक्टर: कुणाची लेक आहेस? खाण तशी माती. आता परवानगी असेल तर एक विचारू? छाती झाली, रक्त थांबलं, नाडी चांगली आहे. आता तरी हात मोकळे करू का? तो पाय केव्हाचा माझ्याकडे बघतोय.

मुलगी: करा मोकळे. पाय तुमचा.

डॉक्टर: अहाहा! भूलवाले, मामा, चला शस्त्रक्रियेला. असा पाय बसवतो की पुन्हा परांचीवर चढेल. नको, चढू नको म्हणावं. खालच्या भिंती रंगव. चला!

सिस्टर: गेले बघ. लग्नघरातल्या मामासारखे निघालेत. रुग्णवाहिकेतून त्या रंगाऱ्याची बहीणही आलीय, बाहेर बसलीय. मघापासून विचारतेय, पाय राहील का हो, पाय राहील का. तिला सांगून येते, बाई, शिर सलामत तर पगडी पचास. आणि पाय आमच्या सरांच्या हातात आहे, काळजी नको.

मुलगी: सिस्टर, थांबा. जावईबापू कोपऱ्यात उलटे पडलेत.

सिस्टर: पडू दे. खरा माणूस आला की जावयाला कोण विचारतो? तू तुझा फोन कर.

मुलगी: एकटीनं नाही करवत मला.

सिस्टर: मग एक हात मी धरते. कर.

मुलगी: ...हॅलो? हो, मीच बोलतेय. ठरलं. गंभीर रुग्ण इथेच उतरवा. हो, खात्री आहे. आत्ताच एक डोळ्यांदेखत वाचला. ...नाही, पुतळा नाही, माणूस. ...प्रमुख कोण होते? इथले मोठे डॉक्टर. ...हो, तेच. घाबरू नका, बदललेत ते. ...त्यांनी काय केलं?

सिस्टर: सांग, सांग.

मुलगी: त्यांनी हात मागे ठेवले.