अ‍ॅप्रनवरचं ‘हे’

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक आदरणीय डॉ. चंद्रशेखर साहेब, व्यासपीठावरच्या संजीवनी सिस्टर, तसंच जिच्या निरोपासाठी आपण ओपीडीचे बाक भिंतीला लावून ही सभा भरवली असं मी म्हणणार होतो, पण त्यांना ‘जिच्या’ म्हणायची कुणाची हिंमत नाही, म्हणून ज्यांच्या निरोपासाठी जमलो त्या सत्कारमूर्ती, आपल्या वॉर्डाच्या इनचार्ज रुखमाबाई म्हस्के सिस्टर, त्यांना न्यायला पुण्याहून आलेल्या त्यांच्या कन्या अश्विनीताई, माझे सगळे सहकारी, आणि सलाईनचा स्टँड हातात धरून दारातून ऐकणारे आपले पेशंट बंधू-भगिनींनो,

मी अश्वजित गवई. इथं सगळे मला ब्रदर म्हणतात. आजचं मुख्य भाषण माझ्याकडं का आलं, हे मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुझा आवाज मोठा आहे, माईक बंद पडला तरी चालेल. तर माझी योग्यता एवढीच आहे, आणि माईक अजून चालू आहे.

सिस्टरांची सेवा, त्यांची शिस्त, साथीच्या काळातलं त्यांचं काम, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी परत सांगत बसलो तर चहा थंड होईल. मी फक्त पट्टीबद्दल बोलणार आहे. ड्रेसिंग जागेवर धरून ठेवायला आपण जी पांढरी चिकटपट्टी लावतो, ती. स्टोअरच्या मंडळींनी थोडा वेळ कान बंद ठेवावेत, कारण त्या पट्टीचे किती रोल जखमांवर गेले आणि किती सिस्टरांच्या अ‍ॅप्रनवर, हे विचारण्यात आता अर्थ नाही.

नवीन मंडळींसाठी सांगतो. ड्युटीवर आल्या आल्या सिस्टर पट्टीचे तुकडे फाडायच्या, एकेकावर एकेक काम लिहायच्या आणि अ‍ॅप्रनवर ओळीनं चिकटवायच्या. कोणाचं सलाईन बदलायचंय, कोणत्या बाळंतिणीला चार पावलं चालवायचंय, ऑक्सिजनसाठी कोणाला फोन करायचाय. काम झालं की पट्टी ओढून डब्यात. ड्युटी संपताना अ‍ॅप्रन कोरा पाहिजे. तो कोरा झाला की वॉर्डाच्या दारात उभ्या राहून आम्हा सगळ्यांना एकच विचारायच्या, “काय राह्यलं?” आणि आम्हाला ते सांगावंच लागायचं, कारण काही नाही म्हटलं तर त्या एकदा आमच्या तोंडाकडं बघायच्या.

मी नांदुऱ्याहून बदलून आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्या ओळीतली शेवटची पट्टी वाचली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘हे – बीपी’. मला वाटलं, ‘हे’ म्हणजे एखाद्या खाटेची खूण असेल. मी बीपीचं मशीन घेऊन अख्खा वॉर्ड फिरलो. ‘हे’ कुठं सापडेना. शेवटी संजीवनी सिस्टरांना विचारलं, आणि ड्युटी रूममध्ये जो हशा पिकला तो मी अजून विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, “अरे, हे म्हणजे हे. बाहेर बसले ना बाकावर.”

बाहेर लिंबाखालच्या बाकावर काका बसले होते. सिस्टरांचे यजमान. साखरखेर्ड्याहून येऊन इथल्या बाजारात शिलाईचं दुकान टाकलेले. संध्याकाळी दुकान बंद करून स्कूटरवर यायचे आणि सिस्टरांची सुट्टी होईपर्यंत त्या बाकावर बसायचे. आपल्यातल्या निम्म्या लोकांचे अ‍ॅप्रन त्यांनी शिवलेले आहेत. सिस्टरांच्या अ‍ॅप्रनवरचा पट्ट्यांचा गोंदही तेच काढायचे, पेट्रोलच्या बोळ्यानं, आणि बोळा फिरवताना सरकारी दवाखान्याला शिव्या द्यायचे. सिस्टर सही करताना त्यांचं पूर्ण नाव लिहायच्या. तोंडानं मात्र कधी घेतलं नाही. त्यांच्या पिढीची ती रीत. पट्टीवरसुद्धा ‘हे’च.

आता तुम्ही विचाराल, बाक वॉर्डाच्या खिडकीतून दिसतो, मशीन हाताशी, मग ते काम रोज का राहत होतं? सिस्टर निघायला लागल्या की कोणी तरी यायचंच. कोणाला विंचू चावलेला, कोणाचा हात थ्रेशरमध्ये आलेला. मग सगळं आवरून त्या बाहेर जायच्या आणि म्हणायच्या, उद्या घेऊ. दुसऱ्या दिवशी धुतलेला अ‍ॅप्रन, आणि त्यावर पुन्हा तीच पट्टी. बाकीचा अ‍ॅप्रन कोरा व्हायचा, ती एक राहायची. मी एकदा स्वतःच मशीन घेऊन बाकावर गेलो. काकांनी बाही वर करू दिली नाही. घरात सिस्टर असताना दुसऱ्याच्या हातानं काऊन, कशाला मोजून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. वर हसून म्हणाले, “आतल्यायचं पाहा पहिले. मी तं बाहेरचा आहो.”

मग आपल्याकडं टॅब आला. सिस्टर त्याच्या विरोधात होत्या असं कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. चष्मा वर करून, एका बोटानं, आमच्या आधी शिकल्या त्या. राहिलेलं काम लाल, झालेलं हिरवं. त्यांना ते फार आवडलं. पट्ट्याही चालू आणि टॅबही चालू. मी म्हटलं, सिस्टर, तुमचं ते जुनं कामही यात टाकू. रोज वेळेवर घंटी वाजेल, मग कसं चुकेल? त्या हो म्हणाल्या. पण त्या टॅबला ‘हे’ चालेना. त्याला पूर्ण नाव पाहिजे, त्याशिवाय तो पुढंच जाईना.

मी म्हटलं, सिस्टर, नाव घ्या.

झालं. लग्नघरात नवरीला घेरतात तसं सगळ्यांनी त्यांना घेरलं. उखाणा घ्या, उखाणा घ्या. डॉक्टर साहेब, तुम्हीही दारात उभे राहून टाळ्या वाजवत होता, मला आठवतं. साऱ्या वॉर्डाला धाकात ठेवणारी बाई त्या दिवशी अ‍ॅप्रननं तोंड झाकून हसत होती. शेवटी मला म्हणाल्या, तूच टाक, तुले माहीत आहे. मी टाकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी घंटी वाजायची, आणि सिस्टर बोटानं ‘नंतर आठवण करा’ दाबायच्या. त्यांचा दुसरा हात कोणाच्या तरी नाडीवर असायचा.

मित्रहो, कागद चांगला की टॅब, यावर आपण चहाच्या टपरीवर पुष्कळ भांडलो आहोत. मी आता भांडत नाही. दोन्हींनी आपलं काम चोख केलं. पट्टी रोज डोळ्यांसमोर होती आणि घंटी रोज कानात वाजत होती.

गेल्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. ड्युटी संपत आली होती. बाहेरून कोणी तरी ओरडलं. काका बाकावरून कलंडले होते. आम्ही स्ट्रेचरवर घेऊन आत आलो. अपघात विभागात त्या दिवशी नवीन डॉक्टर होते, परगावचे, कोणालाच न ओळखणारे. त्यांनी हात चालू ठेवत सवयीप्रमाणे विचारलं, “पेशंटचं नाव?”

आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण कोणाचंच तोंड उघडेना. स्ट्रेचरची दांडी धरून सिस्टर उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, “भगवानराव म्हस्के.” वय सांगितलं. मग म्हणाल्या, “बीपी घ्या त्यायचं.”

बुलढाण्याला न्यायला गाडी निघायच्या आत सगळं संपलं होतं. सिस्टरांच्या अ‍ॅप्रनवर ती पट्टी तशीच होती.

मी नर्सिंगमध्ये पुष्कळ मरणं पाहिली. पण ते नाव ज्या आवाजात त्यांनी घेतलं, तो आवाज मला अजून झोपू देत नाही. सिस्टर, तुमच्यासमोर हे बोलू की नको, यावर मी फार विचार केला. काल तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही बोल म्हणालात, म्हणून बोलतो आहे.

दिवसकार्य झाल्यावर सिस्टर कामावर परत आल्या. पट्ट्या लावल्या, एकेक काढल्या. संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं विचारलं, “काय राह्यलं?” त्या दिवशी आम्ही सगळे जमिनीकडं बघत होतो. त्या एस.टी. स्टँडकडं चालत निघून गेल्या. अ‍ॅप्रनवर आता गोंदाचे डाग राहतात. ते काढणारं कोणी नाही.

आज सकाळी चार्ज द्यायचा होता. चार्ज देताना टॅबमध्ये एकही काम लाल ठेवता येत नाही. सिस्टरांच्या नावावर एकच लाल होतं. खाली तीन बटणं. पूर्ण, रद्द, दुसऱ्याकडे सोपवा. मी शेजारी उभा होतो. म्हटलं, मी करू का? त्या नाही म्हणाल्या. बराच वेळ बोट हवेतच होतं. मग म्हणाल्या, “पूर्ण कसं दाबू? झालंच नाही थे. अन् रद्द तरी काऊन करू? करायचं तं होतंच.”

आणि त्यांनी तिसरं बटण दाबलं. नावांच्या यादीतून माझं नाव निवडलं, टॅब माझ्या हातात दिला, आणि म्हणाल्या, “आता हे तुह्याकडं.”

मंडळी, मी दुपारभर हाच विचार करत होतो. असं काम माणसानं कसं करायचं? आतल्यांचं सगळं लिहिलेलं असतं. खाटेला नंबर असतो, केसपेपर असतो. बाहेर लिंबाखाली जी माणसं डबा धरून बसतात, कोणाचा बाप, कोणाची बायको, त्यांचं कोण लिहून ठेवतं? ते तर स्वतःच सांगतात, आम्ही बाहेरचे.

मघापासून तुमच्यातले काही जण माझ्या खिशाकडं बघताहेत. हो, ती पट्टीच आहे. ‘हे – बीपी’. अक्षर माझं आहे, म्हणून वाईट आहे. उद्यापासून ड्युटी संपताना मी मशीन घेऊन त्या बाकावर जाणार. तिथं जो कोणी बसलेला असेल, तो ‘हे’. नको म्हणाला तर त्याला काकांची गोष्ट सांगीन. साहेब, यासाठी तुमची परवानगी लागेल. ती मी मुद्दाम भाषणातच मागतो आहे, म्हणजे तुम्हाला नाही म्हणायला अवघड जाईल.

साहेबांनी मान हलवली. सगळ्यांनी पाहिलं ना?

सिस्टर, उद्या तुम्ही अश्विनीताईंसोबत पुण्याला निघाल. तिथं संध्याकाळी करमणार नाही तुम्हाला, मला माहीत आहे. आम्हालाही इथं करमणार नाही. तेव्हा मला फोन करा आणि तुमच्या पद्धतीनं विचारा, काय राह्यलं. मी खरं काय ते सांगीन.

मला बोलू दिलंत, दारातल्या पेशंटनी सलाईन संपत आलं तरी ऐकून घेतलं, सगळ्यांचे मनापासून आभार. ज्याचं संपलं असेल त्यानं हात वर करावा. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, तर पोटात घाला. एक नाव मात्र मी जाणूनबुजून माझ्या तोंडानं घेतलेलं नाही. ते सिस्टरांनी घेतलं, तेवढंच सांगितलं. त्यावर हक्क त्यांचाच आहे.